जुन्या फोनला काय झालंय?

२ ऑगस्ट, शनिवार. सकाळ. येलहंका, बेंगळुरू.

नोव्हॉनचा नवा फोन आला, १३ अल्ट्रा. पाहिला. मन शांत आहे.

शांत आहे म्हणजे, लगेच शोरूमकडे पळणारा माणूस मी नव्हे. तसले लोक वेगळे. पुढच्या महिन्यात केस्ट्राचा ९ प्रो येतोय. दोन्ही समोरासमोर ठेवायचे, स्वतः टेस्ट घ्यायच्या, नवीन फीचर्स खरोखर घेण्यासारखे आहेत का ते बघायचं, मगच ठरवायचं. निष्पक्ष राहायचं. या रोजनिशीत फक्त सत्य लिहायचं. कोणाला दाखवायची नाही. (यूट्यूब चॅनल काढला तर गोष्ट वेगळी.)

दिव्यश्रीने विचारलं, पण जुन्या फोनला काय झालंय? तिला सविस्तर समजावलं. ती शाळेतल्या मुलांचे पेपर तपासत होती. शेवटी मान हलवली. नंतर कळलं, बेरीज करत होती.

माझा नोव्हॉन ११. चालतो. पण 'चालतो' हा काय निकष झाला? आप्पासुद्धा चालतात.

घरातल्या फोनांची आजची स्थिती लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. आप्पा, म्हणजे माझे वडील: बटणांचा फोन. घड्याळाच्या कारखान्यात आयुष्य गेलं, त्यामुळे नवीन काही घ्यायचं म्हटलं की आधी जुनं उघडून बघतात. एक कान बंद, दुसरा अर्धा. दिव्यश्री: तिच्या भावाने वापरून दिलेला जुना केस्ट्रा. केस्ट्रावाले मेंढरं असतात, पण ती माझी बायको आहे, म्हणून बोलत नाही. फक्त आज दोनदा बोललो. मुलगी सुखदा, नववीत: फोन नाही. मागतही नाही. काळजी वाटते तिची.

४ ऑगस्ट, सोमवार. बेळ्ळंदूर, ऑफिस.

धक्का. विराटने १३ अल्ट्रा घेतला. मला न विचारता!

विराट म्हणजे माझ्या टीममधला ज्युनिअर. बेळगावचा. मी घडवला त्याला. ऑफिसात फोनच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मी पॅन्ट्रीत शिरलो की एकदम शांतता पसरते. आदर. काहींना तर तेव्हाच मीटिंग आठवते.

मन मोठं केलं. लंचनंतर त्याला त्याच्याच फोनचे फीचर्स समजावून सांगितले. क्लाउड बॅकअप बंद करून दिला. म्हटलं, बॅटरी खातो आणि कंपनीवाले आपले फोटो बघत बसतात. शहाणा माणूस बॅकअप ठेवत नाही. तो ओके सर, ओके सर म्हणत होता. चांगला मुलगा आहे. ऐकतो.

८ ऑगस्ट, शुक्रवार.

विराटचा फोन शनिवार-रविवारसाठी टेस्टिंगला मागून घेतला. बदल्यात माझा ११ दिला. तो स्वल्प घुटमळला. मी हसत म्हटलं, अप्रेझलचे फॉर्म माझ्याकडूनच जातात हं. दोघंही हसलो. मी जास्त.

पासवर्डसकट आणलाय. उद्या कॅमेरा, परवा झूम.

१० ऑगस्ट, रविवार. संध्याकाळ.

लगेच लिहायला बसलो. डेटा ताजा असतानाच नोंदवावा.

सकाळी गच्चीवर गेलो. झूम खरोखर अफाट. आधी नारळ. मग शेजारच्या मंजुनाथ अण्णाचं स्वयंपाकघर. शेल्फवरच्या बरणीवरचं लेबल वाचता आलं: लिंबू, एप्रिल. एवढ्यात त्याच्या बायकोने, पवित्रा अक्काने, खिडकी धाडकन लावली. उन्हामुळे असावी.

मग वळलो एअर फोर्स स्टेशनच्या दिशेला. आम्ही येलहंकाचे लोक विमानांकडे मान वर करून बघतही नाही, इतकी सवय झालीय. पण या झूममधून! शेपटीवरचा नंबर स्पष्ट. केस्ट्राला जमेल का हे? धडाधड फोटो काढले. पंधरा ऑगस्ट जवळ आलाय हे मला माहीत होतं, पण त्याचा आणि झूमचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही. कोणाच्याही आला नसता.

खाली बघतो तर दोन पोलीस आणि मंजुनाथ अण्णा. अण्णा बोट वर करून दाखवत होता.

इथे मी प्रसंगावधान दाखवलं. ते जिन्यात होते तेवढ्यात फोनला फुल रिसेट मारला. ते वर पोचले तेव्हा फोन कोरा करकरीत. प्रोसेसर स्पीड: दहापैकी दहा.

मात्र पोलिसांना कोरा फोन बघून जास्तच संशय आला. ही टेक्निकल अशिक्षितता. ठाण्यात नेलं. साहेबांनी शांतपणे विचारलं, फोटो कोणासाठी काढले? मी खरं सांगितलं: केस्ट्राशी तुलना करायला. ते म्हणाले, केस्ट्रा कुठला देश?

दुपारी आप्पा आणि दिव्यश्री ऑटोने आले. आप्पा साहेबांशी कन्नडमध्ये मोठ्यांदा बोलले. (त्यांना हळू बोलता येत नाही.) म्हणाले, सर, हेर व्हायला डोकं लागतं. आमच्या चारशे वर्षांच्या घराण्यात याच्याएवढा निरुपद्रवी माणूस झालेला नाही. साहेब हसले. हवालदार हसले. कोपऱ्यात बसलेला एक चोरही हसला. माझ्याकडून माफीनामा लिहून घेतला आणि सोडलं. फोन मात्र तपासणीसाठी ठेवून घेतला.

आप्पांची स्ट्रॅटेजी बरी होती. घरी येताना तसं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, कसली स्ट्रॅटेजी?

१२ ऑगस्ट, मंगळवार.

फोन परत मिळाला. विराटला दिला. म्हटलं, एकदम नव्यासारखा केलाय.

त्याने उघडला. फोटोंची गॅलरी पुन्हा पुन्हा वर-खाली सरकवली. त्याचे वडील मार्चमध्ये गेले. हॉस्पिटलमधले त्यांचे व्हिडिओ होते म्हणे त्यात. जुन्या फोनमधून यात घेतले होते आणि जुना एक्सचेंजमध्ये दिला.

मी साहजिकच विचारलं, बॅकअप का नव्हता?

तो म्हणाला, तुम्हीच बंद केला होता, सर.

मी सल्ला देतो, जबरदस्ती करत नाही. पण लोकांना स्वतःची जबाबदारी दुसऱ्यावर टाकायची सवय झालीय. तरीही मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने खांदा काढून घेतला. शोक प्रत्येकाचा वेगळा असतो.

संकल्प: यापुढे दुसऱ्याचा फोन टेस्टसाठी घ्यायचा नाही. घरचाच घ्यायचा.

१८ ऑगस्ट, सोमवार.

ऑफिसात टीमची फेररचना. लीड म्हणून माझं नाव जाहीर होणार हे मला आधीपासून ठाऊक होतं, म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला होता. नाव जाहीर झालं. विराट.

एका अर्थी माझाच विजय. गुरूला आणखी काय हवं?

त्याने सगळ्यांशी हात मिळवला. माझ्यापर्यंत आला तेव्हा त्याला फोन आला, तो कानाला लावून पुढे गेला. मी पाहिलं, स्क्रीन बंद होती. १३ अल्ट्रामध्ये हा दोष आहे असं दिसतं: स्क्रीन न उजळताच कॉल येतो. नोंद केली.

२१ ऑगस्ट, गुरुवार.

केस्ट्रा ९ प्रोचे फोटो लीक झाले. कॅमेरा चौकोनी. हास्यास्पद. तीन वेळा बघितले.

मी बघत असताना दिव्यश्री काहीतरी सांगत होती. शनिवार, कॉल, व्हाइटफील्ड, असे काही शब्द कानावर आले. मी सरी म्हटलं, म्हणजे बरं. संसारात ऐकून घेणं महत्त्वाचं असतं.

२३ ऑगस्ट, शनिवार. रात्रीचं जेवण झाल्यावर. (एकट्याने.)

आजचा दिवस फार वाईट गेला.

बॅटरी टेस्ट. खूप दिवसांपासून मनात होती. माझा नोव्हॉन ११ विरुद्ध दिव्यश्रीचा जुना केस्ट्रा. दोन्हीचं वय जवळपास सारखं, म्हणजे सामना बरोबरीचा. पद्धत कडक: दोन्ही फोन फुल चार्ज, दोन्हीवर तोच मत्स्यालयाचा व्हिडिओ, ब्राइटनेस पूर्ण. मध्ये फोन आला तर निकाल बिघडतो, म्हणून दोन्ही एअरप्लेन मोडवर. तिचा फोन देवाजवळ चार्जिंगला होता. ती आप्पांच्या गुडघ्याला तेल लावत होती. विचारायला गेलो असतो तर चर्चा झाली असती. घेतला, कपाटात दोन्ही शेजारी ठेवले, दार लावलं.

दुपारी तिने घरभर फोन शोधला. साडी बदलून, केस विंचरून शोधत होती. फोनवर बोलायला साडी कशाला बदलायची, हे मला कळलं नाही. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, टेस्ट चालू आहे, संध्याकाळी मिळेल, कपाट उघडू नको, मासे थांबतील.

ती कपाटाकडे गेली. फोन हातात घेतला. एअरप्लेन मोड काढला. टिंग टिंग टिंग. मिस्ड कॉलचे मेसेज. कुठल्याशा शाळेच्या ट्रस्टचे लोक तिची फोनवर मुलाखत घेणार होते, व्हाइस प्रिन्सिपलच्या जागेसाठी. तिने परत फोन केला. तिकडून सांगितलं, मॅडम, पॅनल उठलं.

ती ओरडली नाही. माजघराच्या उंबऱ्यावर बसली. सुखदा तिच्याशेजारी जाऊन बसली. आप्पांना ऐकू आलं नव्हतं, पण तेही उठून आले. मी वातावरण हलकं करायला म्हटलं, अगं, ईमेल टाक की, आजकाल फोनवर कोण बोलतं?

पण दिवस वाईट गेला तो यामुळे नाही. निकाल. टेस्ट थांबली तेव्हा माझा नोव्हॉन ११ केव्हाच बंद पडला होता. तिचा केस्ट्रा, भावाने वापरलेला, जुना, ओरखडे पडलेला, अजून अर्धा भरलेला होता. मासे मजेत पोहत होते.

इतकी वर्षं मी नोव्हॉनच्या बाजूने भांडलो. लग्नात भांडलो, बारशात भांडलो. आज कोणीतरी पाठीत सुरा खुपसल्यासारखं झालंय. दिव्यश्रीला हे सांगायला गेलो. तिने खोलीचं दार लावून घेतलं. दुःखात माणूस एकटा असतो, हेच खरं.

३१ ऑगस्ट, रविवार.

बरेच दिवस लिहिलं नाही. गणपती होऊन गेला. अंतर्मुख होतो.

निष्कर्ष: माणसाने बदलायला घाबरू नये. केस्ट्राकडे मी आता वेगळ्या नजरेने बघतोय. चौकोनी कॅमेऱ्यात एक ठामपणा आहे.

दिव्यश्रीशी बोललो की ती उत्तर देते. हो, नाही, फ्रीजमध्ये आहे. संवाद सुधारलाय, पूर्वी उगाच पाल्हाळ असायचं.

ती रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन फोनवर बोलते. विचारलं तर म्हणाली, ट्रस्टला ईमेल केला होता, त्यांनी पुन्हा वेळ दिला. बघा! माझाच सल्ला.

१४ सप्टेंबर, रविवार.

केस्ट्रा ९ प्रो परवा आला. शोरूममध्ये हातात घेऊन पाहिला. वजन योग्य. पण घाई नाही.

कारण आज माझ्या ११ वर अपडेट आला. आजूबाजूचं बोलणं आपोआप लिहून दाखवणारं फीचर. मराठीसुद्धा! बीटा, म्हणजे अजून चाचणीतलं. हे चाललं तर नवीन फोनची गरजच नाही, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. शिवाय आप्पांना उपयोग. कानाला ऐकू येत नाही ते डोळ्यांनी वाचतील. मुलाचं कर्तव्य.

फोन जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकून चालू ठेवला आणि आंघोळीला गेलो. परत येऊन वाचलं. जसंच्या तसं उतरवतो:

बोलणारा एक: आज ऑफर लेटर आलं आप्पा.
बोलणारा दोन: काय? मोठ्याने.
बोलणारा एक: लेटर. लेटर आलं. क्वार्टर पण देतायत. दोन खोल्या.
बोलणारा दोन: छान झालं गं पोरी. मी येतो तुझ्याबरोबर.
बोलणारा तीन: माझं ॲडमिशन?
बोलणारा एक: तिथेच. फी नाही.
बोलणारा तीन: आणि पप्पा?
बोलणारा दोन: गच्चीवरची खोली आहे की.
(हशा)
बोलणारा एक: हळू. त्यांना आत्ता नको सांगायला. फोनचं एकदा ठरू दे त्यांचं.
बोलणारा दोन: तोपर्यंत तू रिटायर होशील.
(हशा)

अत्यंत निराशाजनक. बीटा म्हणजे किती बीटा असावं? आमच्या घरातलं कोणी कुठेही जात नाहीय. शिवाय आमच्याकडे इतकं कोणी हसत नाही. कुकरची शिट्टी झाली की हे ॲप हशा लिहितं, हे उघड आहे. आमची मराठी बेंगळुरूची, शंभर कन्नड शब्द मिसळलेली. पुण्यामुंबईच्या मराठीवर शिकवलेलं यंत्र गोंधळणारच.

दिव्यश्रीला दाखवून हसणार होतो. मग राहू दिलं. का कोण जाणे.

मार्क: दहापैकी दोन. म्हणजे अपग्रेड आवश्यक.

२० सप्टेंबर, शनिवार.

दिव्यश्रीने मला समोर बसवलं आणि सांगितलं. ती नोकरी मिळाली. व्हाइटफील्ड. दसऱ्याच्या सुट्टीनंतर रुजू. शाळेचं क्वार्टर आहे, ती, सुखदा आणि आप्पा तिकडे राहणार. येलहंकाहून रोज जाणं शक्य नाही. खालचं पहिल्या मजल्यावरचं घर आप्पा भाड्याने देतायत, मंजुनाथ अण्णाच्या चुलतभावाला. मी गच्चीवरच्या खोलीत.

म्हणजे बीटा पूर्ण वाया गेलेलं नाही. मार्क सुधारून दहापैकी नऊ.

मी म्हटलं, पण माझं ऑफिस बेळ्ळंदूरला. खरं तर व्हाइटफील्ड मलाच जवळ पडतं. नकाशा उघडून दाखवला. ती म्हणाली, माहीत आहे. मी थांबलो. पुढे ती काही बोलेल असं वाटलं. ती ताटं उचलायला गेली.

तिच्या लक्षात आलं नसावं. कामाच्या गडबडीत राहून जातं. सेटल झाली की विचारेल.

आप्पांना स्वतंत्रपणे विचारलं. म्हटलं, स्वतःचं घर सोडून दोन खोल्यांत कशाला जाताय? ते म्हणाले, तिथे मला गोळी घेतली का म्हणून विचारणारं माणूस आहे. मी म्हटलं, मी रिमाइंडर लावून देतो की! त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

गच्चीवर नेटवर्क मात्र फुल्ल येतं. पाचही दांड्या. खाली कधी तीनच्या वर गेलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

घेतला. केस्ट्रा ९ प्रो. निळा.

सगळी तुलना, सगळ्या टेस्ट, दोन महिन्यांचे कष्ट. शेवटी निर्णय भावनेने नाही, बुद्धीने झाला. दुकानात १३ अल्ट्राकडे नजरसुद्धा टाकली नाही. ते नोव्हॉनवाले मेंढरं आहेत.

जुना ११ एक्सचेंजमध्ये दिला. काउंटरवरच्या मुलीने उलटासुलटा करून तपासला. कन्नडमध्ये म्हणाली, सर, याला काहीच झालेलं नाही, अजून चार वर्षं चालेल, नक्की देताय ना? मी म्हटलं, आपलं काम करा. एकेकाला बोलायची शिस्त नसते.

घरी आलो तर सगळीकडे खोकी. सोनं द्यायला आप्पांसमोर वाकलो. त्यांनी आशीर्वाद दिला, सुखी राहा. मी फोन दाखवला. त्यांनी नुसता बघितला. मागून उघडत नाही का, विचारलं. नाही म्हटल्यावर परत दिला.

सुखदाला म्हटलं, पप्पांबरोबर पहिला सेल्फी. आली. उभी राहिली. केस्ट्रामध्ये चेहरे आपोआप हसरे करायची सोय आहे, त्यामुळे फोटो छान आला.

५ ऑक्टोबर, रविवार.

टेम्पो सकाळीच आला. माझ्या दृष्टीने उत्तम संधी: व्हिडिओ स्टॅबिलायझेशन. नवा केस्ट्रा चालताना, जिने चढताउतरताना किती हलतो, याची खरी परीक्षा खऱ्या हालचालीतच होते. ड्रायव्हर आणि मंजुनाथ अण्णा कपाट उतरवत होते, मी त्यांच्यापुढे उलटा चालत शूट करत होतो. अण्णा दोनदा म्हणाला, यशो, स्वल्प हात लाव. मी खुणेने सांगितलं, शॉट तुटेल.

आप्पा एक पिशवी घेऊन कठडा धरून उतरले. एकेक पायरी. छान शॉट मिळाला, मागून प्रकाश.

सुखदाने येऊन माझ्या पाया पडल्यासारखं केलं आणि पळाली. त्या वेळी मी वाइडवर होतो, त्यामुळे ती फ्रेमच्या खाली गेली.

शेवटी दिव्यश्री आली. समोर उभी राहिली. म्हणाली, फोन एकदा खाली ठेवता?

मी म्हटलं, एक मिनिट, फाइल सेव्ह होऊ दे. मध्येच थांबवलं तर करप्ट होते.

ती उभी राहिली. खरंच उभी राहिली, व्हिडिओत दिसतं. हातात देव्हाऱ्याची पिशवी होती. मग ती टेम्पोत बसली. फाइल सेव्ह झाली तेव्हा टेम्पो मारुतीच्या देवळाच्या वळणावर होता. मी झूम केलं. तिची पाठ दिसली, आप्पांच्या टोपीचा मागचा भाग दिसला.

आता दुपारपासून तो व्हिडिओ बघतोय. एकदाही हललेला नाही. माझा हात हलत होता, हे मला आठवतंय. पण व्हिडिओत अजिबात कळत नाही. स्टॅबिलायझेशन: दहापैकी दहा.

तिचं तेवढं एक मिनिट पुन्हा पुन्हा बघितलं. तिला काय सांगायचं होतं? आवाज नीट आलाय, पण ती काही बोललेलीच नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार. गच्चीवरची खोली.

पोर्ट्रेट मोडची टेस्ट राहिलीय. माणूस लागतो. खालच्या भाडेकरूंना विचारलं, ते म्हणाले नंतर. पवित्रा अक्काला विचारायला गेलो तर तिने मला बघूनच खिडकी लावली. शेवटी पाण्याच्या टाकीचा काढला. कडा सुंदर आल्या. बॅकग्राउंड छान धूसर.

ऑफिसात सगळ्यांना केस्ट्रा दाखवला. विराटच्या डेस्कवर ठेवला आणि म्हटलं, बघ. त्याने मान वर न करता विचारलं, ती फाइल झाली का? झाली नव्हती. उद्यापर्यंत ईमेलवर मागितलीय, एचआरला सीसी ठेवून. माझ्या कामाची दखल वरपर्यंत जातेय असं दिसतं.

दिव्यश्रीला व्हिडिओची लिंक पाठवली. दोन निळ्या खुणा आल्या. पाहिला असणार. तिच्या फोनची स्क्रीन आता जुनी झाली आहे, त्यामुळे क्वालिटी कळली नसेल.

१२ ऑक्टोबर, रविवार.

फोन रोज एकच गोष्ट विचारतोय. सेटअप पूर्ण झालेला नाही म्हणतो. इमर्जन्सी कॉन्टॅक्ट भरा. तुम्ही पडलात, बेशुद्ध झालात, अपघात झाला, तर आपोआप त्या माणसाला फोन जातो. फार उपयोगी फीचर. ११ मध्ये नव्हतं.

भरल्याशिवाय वरचा लाल ठिपका जात नाही. लाल ठिपका मला सहन होत नाही.

दिव्यश्रीचं नाव टाकलं. तर नियम असा की त्या माणसाने तिकडून मंजूर करावं लागतं. विनंती गेली. संध्याकाळी उत्तर आलं: नाकारले. मी लगेच फोन केला, म्हटलं चुकून दाबलं गेलं का? ती म्हणाली, नाही, मी शाळेत असते, फोन कपाटात असतो. चुकीचं काही बोलली नाही. सुखदा सज्ञान नाही, चालत नाही.

मग आप्पांना फोन केला. त्यांच्या फोनवर मंजुरी येत नाही, पण दुसरा मार्ग आहे, एक कोड सांगायचा असतो. सगळं समजावलं. मी पडलो तर तुम्हाला फोन येईल, म्हटलं. मागे कोणीतरी हसत होतं, भांड्यांचा आवाज होता, कुकरची शिट्टी वेगळी ऐकू आली. आप्पा म्हणाले, दिव्याला विचारून सांगतो.

अजून सांगितलेलं नाही. कामात असतील.

विराटचं नाव टाकावं असं क्षणभर मनात आलं. टाकलं नाही.

शेवटी शोध घेतल्यावर उपाय सापडला. मंजुरी न लागणारा एकच नंबर फोनमध्ये आधीपासून सेव्ह असतो. केस्ट्रा कस्टमर केअर. तो निवडला. लाल ठिपका गेला.

खात्रीसाठी लावूनही पाहिला. चोवीस तास चालू असतो. एका बाईंनी अतिशय प्रेमाने माझं नाव घेतलं, म्हणाल्या, यशोवर्धनजी, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मी लाइनवर थांबलोय. संगीत चांगलं आहे.

नोव्हॉनवाले रविवारी उचलतही नाहीत. केस्ट्राला एक मार्क जास्त.